जिभेखालची गोळी

मी टॉवेल तपासते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, बावीस वर्षं झाली. टेबलावर टॉवेल पसरायचा, उलटा करायचा, काठावरनं बोट फिरवायचं. सुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेली वीण, काहीही सापडलं की टाक सेकंडच्या ढिगात. ज्याच्या डोळ्याला दोष दिसत नाही त्याला आमच्याकडं काम नाही. त्यामुळं माणसंसुद्धा मी आधी उलटी करून बघते. माझा भाऊ म्हणतो, "अक्का, तू देवाच्या प्रसादाचा पण वास घेतीस." घेतेच! प्रसाद कुणी केला, कुठल्या तुपात केला, हात धुऊन केला का, देव थोडाच विचारायला जातो?

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागनं कुणी म्हणायला नको की बाई साळसूदपणा करतीय.

घरात आम्ही चौघं. मी, लग्न न झालेली, पन्नाशी ओलांडलेली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान भाऊ, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. भावजय, मोडनिंबची, कापडाच्या दुकानात सेल्सला. सकाळी दहाला जाते ती रात्री आठलाच येते. आणि त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. मी सांगतेय ते घडलं तेव्हा ती पहिलीत होती. माझी पहिली पाळी, तीनला सुटते. म्हणजे शाळेतून आल्यापासून पोर माझ्याच ताब्यात. तिला भरवायचं मी, अभ्यास मी, वेणी मी. आणि आईचं दूध सुटल्यापासून झोपायची पण माझ्याच कुशीत, माझ्याच चादरीत. सेकंडच्या मालातनं आणलेली मऊ चादर, तिचं एक टोक हातात धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. मला लेकरू नाही असं कुणी म्हटलं तर मी मनातल्या मनात हसायचे.

तर शाळेत एक दिवस असतो, सगळ्या पोरांना जंताची गोळी देतात. आदल्या दिवशी वहीत चिठ्ठी आली. माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. घरच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता, गोळी खाऊन पोरं उलट्या करतायत. कुठल्या गावचा, कधीचा, काही पत्ता नाही. पण मी बघितला ना डोळ्यांनी! म्हटलं, आजारी नसलेल्या पोरांना औषध? तेपण फुकट? कुठंतरी पाणी मुरतंय.

मी पोरीला समोर बसवलं. खडीसाखरेचा खडा तिच्या हातात दिला. "हे बघ, बाईंनी गोळी दिली की तोंडात टाकायची. जिभेखाली सरकवायची. चावल्यासारखं करायचं. बाई पुढच्या बाकाकडं गेल्या की रुमालात." मी स्वतः करून दाखवलं, तोंड उघडून जीभ दाखवली, काही दिसलं नाही. पोर टाळ्या पिटायला लागली. तिला जादूच वाटली. चार वेळा सराव केला आम्ही.

दुसऱ्या दिवशी ती दप्तर उघडून रुमालातली ओली गोळी माझ्या हातावर ठेवते काय, आणि मी ती मोरीत टाकून वर पाणी ओतते काय! शाबासकी म्हणून शेंगदाण्याची चिक्की दिली. भावजयीला यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

दिवाळीनंतर पोर किरकिरी झाली. खुर्चीवर धड बसेना, सारखी चुळबुळ. झोपेत दात खायची, लाथा झाडायची. भाकरीचा घास पुढं केला की तोंड फिरवायची. हात सारखा मागं. मी दटावलं, "पोरीच्या जातीनं असं करू नये." आणि निदान पण करून टाकलं: उष्णता.

सोलापुरात राहून उष्णता न झालेला माणूस मला आणून दाखवा. मला स्वतःला सहा महिन्यांपासून तोच त्रास होता. कुठं, ते विचारू नका. घरात भाऊ वावरतो, भावजय वावरते, असली गोष्ट कुणी मोठ्यानं बोलतं का? अंथरुणात पडलं की खाज सुटायची. मी सब्जा भिजवून प्यायचे, धण्याजिऱ्याचं पाणी प्यायचे, गुलकंद खायचे. थोडं बरं वाटायचं, पुन्हा तेच. म्हटलं, वय झालं, उष्णता अंगात मुरली. पोरीच्या दुधात पण मी सब्जा घालायला लागले.

एका रविवारी सकाळी भावजयीनं मोरीतनं हाक मारली. "अक्का, हितं या की जरा."

मी गेले. ती पोरीला धूत होती. तिनं बोट दाखवलं. पांढरे, शिलाईच्या दोऱ्याच्या तुकड्यांएवढे, आणि हलत होते.

"जंत हायेत," भावजय म्हणाली. "शाळेत गोळी दिली हुती ना हिला? तरी कसं काय?"

मी तांब्यात पाणी भरून दिलं. मग म्हटलं, "त्या गोळ्यांत दम नसतो." आणि लगेच तपासाला लागले, कारण जंत काय आभाळातनं पडत नाहीत. कुणीतरी आणले असणार.

पहिला संशय पाण्यावर. आमच्याकडं पाचव्या दिवशी नळ येतो, तेवढ्यात ड्रम, पिंप, हंडे, कळश्या भरून घ्यायच्या. मी ड्रमाचं झाकण काढून मोबाईलची बॅटरी पाडली आत. पाणी नितळ. मग कोपऱ्यावरचा पाणीपुरीवाला; तो त्याच बादलीत प्लेटा बुचकळतो हे मी चार दिवस समोर उभी राहून बघितलं, त्यानं शेवटी मला विचारलं, "मावशी, खानार हाय का नुसतं बघनार?" मग पोरीशेजारी बसणारी मैत्रीण, जी सारखी नाकात बोट घालते. मग मोडनिंब. दिवाळीला पोर चार दिवस तिथं होती, अनवाणी शेतात खेळली होती, कुत्र्याच्या पिलांना मांडीवर घेतलं होतं. मी भावजयीला ऐकवलंच, "तुझ्या माहेरनं आलंय हे." तिनं तिथनं आणलेले पोरीचे सगळे कपडे पुन्हा धुवायला काढले.

आणि सगळ्यात शेवटी, कसं सांगू, तिच्या नखांवर. दुकानात कामाला म्हणून ती नखं थोडी वाढवायची, रंग लावायची. ती कणीक मळायला बसली की मी समोर उभी राहून तिच्या नखांकडं बघायचे, टॉवेलचा काठ बघते तशी. तिच्या लक्षात आलं. एक दिवस बघते तर नखं पार मुळापासनं कापलेली, रंग खरवडलेला. दुकानात मालकीण बोलली असेल तिला, हात असे का म्हणून. तेव्हा मला वाटलं, बघा, आपलं बरोबर होतं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

डॉक्टरकडं जायची माझी तयारी नव्हती. घरात औषध असताना बाहेर कशाला? वावडिंगाचं पाणी उकळून दिलं, ते तिनं माझ्याच पदरावर थुंकलं. ओवा आणि गूळ अनशापोटी. गूळ चोखून ओवा कपाटामागं टाकायची, ते झाडताना सापडलं. पपईच्या बिया वाळवून कुटल्या, मधात कालवल्या. "आत्या, ह्याच्यात मिरी हाय," म्हणून बोंबलली. लाल भोपळ्याच्या बिया भाजून दिल्या, त्या मात्र खिसा भरून शाळेत न्यायची, पोरांना वाटायची. कारल्याच्या रसाच्या वेळी तर घरात युद्धच झालं, वाटी एकीकडं, मी एकीकडं.

दर सकाळी मी डोळ्यात तेल घालून बघायचे. चार दिवस काही दिसलं नाही की जीव भांड्यात पडायचा. पाचव्या दिवशी पुन्हा वळवळ.

"अक्का, दाखवू या की डॉक्टरला," भाऊ म्हणाला.

"दाखव. सुई टोचल, रक्त काढल, दहा तपासण्या सांगल. पोरगी आपली हाय का त्याची?"

कारखान्यात माझ्या टेबलाशेजारी एक तेलुगू मैत्रीण आहे, पिढीजात विणकराच्या घरातली. ती म्हणाली, आमच्याकडं डाळिंबाच्या फळाची साल वाळवून थोडीशी उकळून देत होते. थोडीशी, असं तिनं दोनदा सांगितलं. पण माझ्या मनात आलं, फळाच्या सालीनं काय होतंय? एवढे चिवट जंत, वावडिंगाला दाद न देणारे! फोनवरच्या एका व्हिडिओत कुणी बाबा सांगत होता, जंतावर डाळिंबाच्या मुळाची साल. मी काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन ती आणली. मूठभर घेतली, पाणी अर्धं होईतो उकळलं, आणि शनिवारी दुपारी घरात कुणी नसताना पोरीचं नाक धरून कपभर पाजलं.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. एक, दोन, तीन. मग ती म्हणाली, "आत्या, भिंत फिरतीय," आणि माझ्या अंगावर मान टाकली. हातपाय गार. डोळे अर्धे उघडे. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. भावाला फोन लावला. तो आला, मी पोरीला छातीशी धरून स्कूटरवर मागं बसले आणि वाटभर सगळ्या देवांना शिव्या आणि नवस एकदमच देत होते.

डॉक्टर तरुण होता. सलाईन लावल्यावर त्यानं विचारलं, "काय दिलं होतं?"

मी सांगितलं.

"मुळाची साल? सहा वर्षांच्या मुलीला? बाई, हे मोठ्या माणसालाही झेपत नाही. नशीब समजा की तिनं उलटी केली."

भावजय दुकानातनं तशीच पळत आलेली, गळ्यात मापाची टेप. पोरीच्या पायाशी बसून तळवे चोळत राहिली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी पण भांडले असते.

संध्याकाळी पोर शुद्धीवर येऊन बिस्कीट मागायला लागली. दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला नेली तेव्हा डॉक्टरनं जंताची गोळी लिहून दिली. पण एकटीला नाही, घरातल्या चौघांना. म्हणाला, "सगळ्यांनी एकाच दिवशी चावून घ्यायची. पंधरा दिवसांनी परत एकदा. हे जंत एकट्या मुलीत राहत नाहीत, त्यांची अंडी चादरीवर, टॉवेलवर, नखांत असतात. एकानं जरी गोळी चुकवली तरी पुन्हा सगळं फिरून येतं. चादरी गरम पाण्यातनं काढा, उन्हात टाका. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा." मग त्यानं आमच्याकडं बघितलं. "घरात आणखी कुणाला खाज, काही त्रास?"

भावानं नाही म्हणून मान हलवली. भावजयीनं हलवली. डॉक्टर माझ्याकडं बघत होता. लेकाच्या वयाचा पुरुष, शेजारी भाऊ उभा, समोर भावजय. काय सांगणार होते मी?

"न्हाय," मी म्हटलं. आणि मनाला सांगितलं, आपली उष्णता आहे, ती वेगळी.

गोळ्या घेतल्या तो दिवस गुरुवार. गुरुवारी माझा अक्कलकोटच्या स्वामींचा उपवास असतो, फराळाशिवाय काही तोंडात घालत नाही. सगळ्यांनी जेवणानंतर कराकरा गोळी चावली. पोरीनं पण तोंड वाकडं करत चावली. आईसमोर काही जादू चालली नाही. मी म्हटलं, "माझा उपवास हाय, मी उद्या घेते," आणि गोळी देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवली.

शुक्रवारी चहा पिताना विचार केला. मला जंत नाहीत. जंत पोरीला. मग मी कशाला विष पोटात घालू? आणि डॉक्टरच्या दवाखान्याखालीच मेडिकल, मेडिकलवाला त्याचा मेहुणा. एका पोरीच्या जंताला चौघांना गोळ्या! इतका पण काय आपण दुधखुळे नाही.

"अक्का, घेतलीत ना?" दुपारी भावजयीनं दुकानातनं फोन करून विचारलं.

"व्हय की."

पंधरा दिवसांनी दुसरी गोळी. तीपण करंड्यात. पुन्हा विचारलं, पुन्हा व्हय की. आणि माझ्या डोळ्यादेखत पोर सुधारली. खायला लागली, शांत झोपायला लागली, गालावर तेज आलं. मी मनात म्हटलं, बघा, मी नाही घेतली तरी काय बिघडलं?

फेब्रुवारीत पुन्हा दात खायला लागली. मार्चमध्ये पुन्हा दोरे.

डॉक्टरनं पुन्हा सगळ्यांना दोन-दोन गोळ्या दिल्या, पुन्हा तेच बजावलं. ह्या वेळी तर मला कारण शोधायची पण गरज वाटली नाही. पहिल्या दोन न घेता चाललं होतंच की. तिसरी आणि चौथी सरळ करंड्यात गेली. एप्रिल संपता संपता शाळेला सुट्टी लागली आणि भावजय पोरीला मोडनिंबला घेऊन गेली. स्वतः आठवड्यानं परत आली, पोर राहिली तिथंच, तिच्या आईकडं. पूर्ण मे महिना आणि अर्धा जून. रोज व्हिडिओ कॉल. पोर काळी झालेली, खोडकर झालेली, दात पडलेला दाखवायची. एकदाही त्रास नाही. आणि मी रिकाम्या चादरीचं टोक धरून पडायचे.

शाळा सुरू झाली, ती आली. पहिल्याच दिवशी माझ्या कुशीत घुसून म्हणाली, "आत्या, तुझा वास लई छान येतोय." जुलै सरला नाही तोवर हात पुन्हा मागं.

आता भावजयीनं तोंड उघडलं. स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. "अक्का, तुमी म्हनला हुता माज्या माहेरनं आलंय. तितं दीड महिना राहिली, काय झालं न्हाय. हितं आली की सुरू. मी हितलं पाणी बदललं, नखं कापली, रोज चादरी उकळल्या. आता माजं डोकं चालत न्हाय. ती आईकडं राहूद्या. तितं शाळा चांगली हाय. मी दाखल्याचा अर्ज लिवलाय."

"दाखला?"

"शाळेचा. ह्यांनी सही केलीय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आगं, एवढंसं लेकरू आई सोडून राहणार? तुला काही वाटतं का?"

तेव्हा ती वळली. हाताला पीठ, डोळ्यांत पाणी. "मला काय हौस हाय व्हय अक्का, पोरीला सोडून राहायची? पन हितं ठेवून रोज किडे बघत बसू?"

अर्ज टेबलावर होता, मिठाच्या बरणीखाली. त्यावर पोरीचं पूर्ण नाव, भावाची वाकडी सही. सोमवारी देणार होते शाळेत. माझ्या हातात चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी थेट दवाखान्यात गेले. भांडायलाच गेले होते. नंबर येईस्तोवर मनात सगळं घोकून ठेवलं: तुमच्या गोळ्या बनावट आहेत, तुमचा मेहुणा कसला माल विकतो, मी तक्रार करीन.

डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारायला लागला.

"मुलीला जेवू कोण घालतं?"

"मी. हातानं भरवते."

"झोपते कुणाजवळ?"

"माझ्याजवळ. एकाच चादरीत."

"आंघोळीनंतर पुसतं कोण?"

"मीच की. माझ्याच टॉवेलनं, मऊ असतो म्हणून." हे बोलताना माझी जीभ अडखळली. घरात दोन डझन टॉवेल, सेकंडचे का असेनात, आणि मी तिला माझ्या टॉवेलनं पुसत होते.

"तुम्हाला स्वतःला काही त्रास?"

ह्या वेळी भाऊ नव्हता, भावजय नव्हती. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हटलं, "थोडी उष्णता हाय. अंथरुणात पडलं की... खाजतं. वर्ष झालं असल."

त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "गोळ्या घेतल्या होत्यात तुम्ही? चारही?"

मी व्हय की म्हणायला तोंड उघडलं. आणि मिटलं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांनी विणलेल्यात दोष काढतेय. पाण्यात बघितला, पाणीपुरीवाल्यात बघितला, त्या बिचारीच्या नखांत बघितला. दोष माझ्या अंथरुणात होता आणि मी त्याला रोज सब्जा पाजत होते.

"न्हाय घेतल्या," मी म्हटलं.

घरी येताना रिक्षात मनाशी हिशेब मांडला, खोटं कशाला बोलू. अजून कुणाला काही माहीत नाही. आज गुपचूप गोळी घेते. पंधरा दिवसांनी दुसरी. पोर बरी होईल, आणि माझी अब्रू जागच्या जागी. पण तोवर पोर मोडनिंबच्या शाळेत असेल. दाखला थांबवायचा तर सोमवारच्या आत सांगायलाच लागणार, आणि सांगायचं म्हणजे सगळंच. पन्नास वर्षांची बाई, रिक्षात बसून रडले. रिक्षावाल्यानं आरशातनं दोनदा बघितलं.

भावजय आठला आली. भाऊ टीव्हीपुढं, पोर जमिनीवर चित्र रंगवत. मी देव्हाऱ्यातला करंडा आणला आणि तिच्यासमोर टेबलावर उपडा केला. कुंकवाचा ढीग पडला आणि त्यात चार गोळ्या, लालभडक झालेल्या.

"हे काय?"

"माझ्या गोळ्या. एकपण घेतली न्हाय मी. तिला माझ्याकडनं होतंय. तुझ्या माहेराचं काय न्हाय, तुझ्या नखांचं काय न्हाय. मला वर्षापासून त्रास हाय, मी कुणाला सांगितलं न्हाय. तिला पाठवू नको. मी पाया पडते तुझ्या, पण तिला पाठवू नको."

भावानं टीव्ही बंद केला. भावजय त्या गोळ्यांकडं बघत राहिली. मला वाटलं आता ओरडेल. ती उठली, चप्पल घातली, खाली गेली. दहा मिनिटांनी मेडिकलमधून नवी गोळी घेऊन आली. माझ्या तळहातावर ठेवली. "चावा. माज्यासमोर."

मी तोंडात टाकली, चावायला लागले. तेवढ्यात खाली बसलेली पोर, रंगीत खडू हातात धरून, अगदी मदत करायच्या सुरात म्हणाली, "आई, आत्याला जीभ वर करायला सांग. जिभेखाली ठेवली की दिसत न्हाय. आत्यानंच शिकवलंय मला."

"कधी शिकवलं?" भावजयीचा आवाज एकदम बारीक झाला.

"शाळेत गोळी दिली तवा. मी रुमालात आनली हुती. आत्यानं चिक्की दिली."

भाऊ उठून बाल्कनीत गेला. त्याला माझ्याकडं बघवेना. भावजय जवळ आली, इतकी जवळ की तिच्या साडीतनं दुकानातल्या कोऱ्या कापडाचा वास आला.

"आ करा."

मी आ केलं.

"जीभ वर."

मी जीभ वर उचलली. तिनं मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं. डावीकडं, उजवीकडं, गालाच्या कडेला. मी ड्रमात बघितलं होतं तसं. माझ्या डोळ्यांतनं पाणी ओघळत होतं आणि तोंड उघडंच. त्या रात्री पोरीची उशी तिनं आपल्या खोलीत नेली.

सोमवारी अर्ज शाळेत गेला नाही. तिनं तो फाडला पण नाही. कपाटात, तिच्या साड्यांखाली ठेवला. पंधरा दिवसांनी दुसरी गोळी, दुसऱ्यांदा आ, दुसऱ्यांदा जीभ. माझी उष्णता गेली. वर्षभर सब्ज्यानं जी गेली नव्हती ती दोन गोळ्यांत गेली. पोरीचे जंत गेले ते आजतागायत आले नाहीत. ती आता चौथीत आहे, सोलापुरातच.

मी वाट बघत होते की उशी परत येईल. महिन्याभरानं भावजयच म्हणाली, "जा, आत्याजवळ झोप आज." पोर आली, पडली, चादरीचं टोक धरलं. थोड्या वेळानं उठून बसली. "आत्या, मला आता आईजवळ सवय झालीय." मी म्हटलं, "जा की मग." तिच्या मागं दार नीट लावून घेतलं आणि चादर घडी करून पायाशी ठेवली.

आता दर सहा महिन्यांनी भावजय न चुकता चार गोळ्या आणते. गुरुवार टाळून आणते, तेवढं तिनं लक्षात ठेवलंय. भाऊ चावतो, पोर चावते, ती स्वतः चावते, त्यांचं तोंड कुणी बघत नाही. माझ्यासमोर मात्र ती येऊन उभी राहते. मला राग येतो. अजून येतो, दर वेळी येतो, एवढ्या वर्षांची थोरली नणंद मी! कधी कधी वाटतं सांगावं, बास झालं आता.

पण मी गोळी चावते, आ करते, आणि तिनं सांगायच्या आधीच जीभ वर उचलते.